दहा शेर कुड्याची साल

सिव्हिल सर्जनसाहेब तार हातात घेऊन उभे होते. मला बसा म्हणाले नाहीत.

"तुमची दुसरी साल निकामी निघाली. पहिली उत्तम होती म्हणे. एक्स्प्लेन करा."

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं आणि मी चिखलीकडच्या एका दवाखान्यात सब-असिस्टंट सर्जन होतो. कलकत्त्याच्या एका प्रयोगशाळेने देशी औषधांचं काम काढलं होतं. पंजाबपासून मद्रासपर्यंतच्या डॉक्टरांनी आपल्या भागातली औषधं पाठवायची, तिथे ती तपासायची, आणि सगळ्यांचे रिपोर्ट सगळ्यांनी वाचायचे. वऱ्हाडातून आमचं एकच केंद्र होतं. ते मिळवायला मी इतक्या खेपा घातल्या होत्या की साहेबांचा चपराशी मला पाहून हसायचा.

आमचं औषध म्हणजे कुड्याची साल. उंद्रीचे वैद्य गणपतबुवा शेती सांभाळून ती रक्ती आवेवर द्यायचे. गुण मी डोळ्यांनी पाहिला होता. मूठभर नमुना पाठवला, कलकत्ता खूश. रोग्यांवर चाचणी करायला दहा शेर मागवली. बुवांना निरोप धाडला, साल आली, कुटली आणि मलकापूरहून पार्सलने गेली.

"वैद्याने फसवलं," साहेब म्हणाले. "आठ दिवसांत तसं लिहून द्या. नाहीतर केंद्र बंद."

तार घेऊन बाहेर आलो. खोटं कशाला बोलू, माझाही संशय बुवांवरच होता.

बुवा खळ्यावर उडवणी करत होते. मी तार वाचून दाखवली. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"दोन गाठोडी धाडली होती ना, डाक्तरसाहेब. लहान कुड्याचं, मोठं काळ्या कुड्याचं. तुमच्या कंपाउंडरले सांगतलं होतं."

काळा कुडा दिसायला तसाच, पण झाड वेगळं. आवेवर त्याचा उपयोग नाही.

"मग तो दिला काऊन?"

"एका झाडाची चार बोटं साल घ्याची, मंग दुसरं झाड. आमच्या घरी असंच चालत आलं. पुरं सोललं तं झाड मरते. दहा शेर कुठून आनू? लाकडाच्या फण्या करनाऱ्याकडं काळ्या कुड्याची साल पडून होती. तुमाले वजन पाह्यजे होतं. औषधाले लहान, वजनाले मोठं."

मी तार पुन्हा उलगडली.

"तुमी चाखून नाई पाह्यली? खरी साल कडूजहर राह्यते."

नव्हती चाखली. आणि तेव्हा आठवलं. कंपाउंडर दोन गाठोडी घेऊन विचारायला आला होता. मी मान वर न करता म्हणालो होतो, एकत्र कुटून टाक.

"माह्या बापाच्या हातचं औषध हाय," बुवा हळू म्हणाले. "त्याले खोटं लिवू नका."

चूक माझी, असं मी सहीनिशी लिहिलं. साहेबांनी दोनदा वाचलं.

"सर्व्हिस बुकात शेरा जाईल. हे पत्र प्रत्येक प्रांतात वाचलं जाईल. लाज वाटणार नाही?"

"वाटतेय, सर. पाठवा."

पुढचा दीड महिना मला अन्न गोड लागलं नाही. मग कलकत्त्याहून जाड पाकीट आलं. आत आणखी तीन केंद्रांच्या डॉक्टरांची पत्रं होती. माझं वाचून त्यांनीही आपापले घोटाळे कबूल केले होते. मद्रासकडच्या एकाने तर आमची पानं आणि शेंगा मागवल्या, आपल्या झाडाशी ताडून पाहायला. तोवर आम्ही फक्त रिपोर्ट वाचत होतो. आता एकमेकांना लिहू लागलो.

केंद्र राहिलं. शेराही राहिला, बढती दोन वर्षं अडली. प्रयोगशाळेने नवा फॉर्म काढला: पान, शेंग, चव आणि गोळा करणाऱ्याचं नाव. आमच्या फॉर्मवर बुवांचं नाव घातलं आणि उंद्रीला जाऊन वाचून दाखवलं.

"चाखाचं लिवलं का?" त्यांनी एवढंच विचारलं.

दहा शेर साल जमायला दोन हंगाम लागले, चार-चार बोटांनी. कलकत्त्याने वाट पाहिली. मी आधी एक तुकडा चावला, तोंड वाकडं झालं, आणि मगच पार्सल शिवायला सांगितलं.