सुइणीकडे गेलेला निरोप

आमचे वैद्यबुवा रोग्याआधी निरोप्याची लक्षणं पाहत. कुटुंब बाळंतपणात अडलं, तेव्हा भर दुपारी मी असा धावलो की श्रीमंतांच्या पागेतले घोडे मागं पडले. बुवांनी मला न्याहाळलं.

"दक्षिणेकडून आलात, डोक्यावर पागोटं नाही. ती वाचायची नाही. मी येत नाही."

मग सुईण गाठली. ती दारातच हात धूत होती.

"निघालेच. वहिनीबाई स्वतःच आत्ता बोलावून गेल्या."

तिच्या नुकत्याच सारवलेल्या अंगणात पावलं उमटली होती. घरी कुटुंब सकाळपासून बाजेवरून उठलेलं नव्हतं, पण तळवे ओल्या शेणानं माखलेले.

ते पुसत सुईण म्हणाली, "निरोप्या चांगला आहे. कळवा तुमच्या वैद्यांना."

घटकाभरात मुलगी झाली. दोघी सुखरूप. कुटुंब निजलं की मी अजून तिचे तळवे चोरून पाहतो.