गुलाबी डब्यात कुठला कचरा टाकायचा?

मोल्डिंग मशीन उघडलं आणि डबा बाहेर पडला. लाल हवा होता. आला तो फिकट गुलाबी.

"पहिले दहा-बारा असेच येतात," आमचे नवे मॅनेजर केळकर सर म्हणाले. "चालू ठेवा."

चाळिसावा डबा पहिल्यापेक्षाही फिका निघाला.

मी तेव्हा मरोळच्या एका प्लास्टिक कारखान्यात प्रॉडक्शन इन-चार्ज होते. ऑर्डर हॉस्पिटलच्या कचऱ्याच्या डब्यांची होती. तिथे रंगावरूनच कळतं, कुठला कचरा कुठे टाकायचा. गुलाबी रंगाचा डबा त्यांच्या कुठल्याच तक्त्यात नाही. डिलिव्हरी दुसऱ्या दिवशी सकाळी.

प्लास्टिकच्या दाण्यांत आम्ही रंगाचे दाणे मिसळतो. ते काम वीस वर्षं परडकरमामांकडे. त्यांचं माप एकच: पन्नास मग प्लास्टिक, एक मग रंग. केळकर सरांना हे अडाणीपणाचं वाटलं. त्यांनी कॉम्प्युटरवर शीट बनवलं. रंगाचं प्रमाण भरलं मी.

सकाळीच मामा शीट घेऊन आले होते. "मॅडम, पंचवीस किलोच्या गोणीक पाच ग्रॅम? ह्येच्यात काय होतला?"

मी काही बोलायच्या आत सर म्हणाले, "मामा, सिस्टिम चुकत नाही. लिहिलंय तेवढंच टाका."

मामांनी तेवढंच टाकलं.

आता सरांनी रंगवाल्याला फोन लावला. "माल भेसळीचा पाठवलाय तुम्ही!" तो बिचारा शपथा घेत होता. मग हवेतल्या दमटपणावर संशय गेला. मी गुपचूप शीट उघडलं.

पन्नासात एक म्हणजे शंभरात दोन, म्हणजे दोन टक्के. दशांशात ०.०२. मी तेच भरलं होतं, मोठ्या अभिमानाने. रकान्यावर मात्र 'टक्के' लिहिलेलं. म्हणजे शंभराने एकदा भागलेलं पुन्हा भागलं गेलं. अर्ध्या किलोचे पाच ग्रॅम झाले.

"सर, फोन ठेवा. चूक माझी आहे."

सरांनी फोन ठेवला. सॉरी मात्र म्हणाले नाहीत. "मॅडम, तुम्ही बीएस्सी ना?"

"हो सर. मॅथ्स."

मामा खाली मान घालून हसले. त्यांनी गुलाबी डबे ग्राइंडरमध्ये दळले, चुरा परत मिसळला आणि रंग मगाने टाकला. संध्याकाळपर्यंत लालभडक डबे ओळीने उभे राहिले. ऑर्डर वेळेवर गेली.

सर हार मानणारे नव्हते. "आता मामांचंच माप टाकू सिस्टिममध्ये," म्हणत त्यांनी शीटमध्ये १/५० टाइप केलं. कॉम्प्युटरने त्याचं केलं जानेवारी १९५०.

मी खडू घेतला आणि मिक्सरशेजारच्या भिंतीवर लिहिलं: एका गोणीला रंग ५०० ग्रॅम.

अपूर्णांक, दशांश, टक्के, तिन्ही खरेच असतात. पण तराजूला फक्त ग्रॅम कळतात.