आजीची भोकं

रंगारी हातात पुट्टीचा गोळा घेऊन उभा आहे. "ताई, बुजवू ना ही भोकं?" त्याने तिसऱ्यांदा विचारलं, आणि मी अजून घरभर फिरतेच आहे.

स्वयंपाकघरातल्या या भिंतीवरची सगळी भोकं आजीची. तिला जन्मभर यंत्रं करून भिंतीवर बसवायचं वेड. दूध वर आलं की घंटी वाजवणारं, इथूनच दोरी ओढून अंगणातल्या पापडांवरचे कावळे हाकलणारं. त्यातलं एकही आज घरात सापडत नाही, कारण एखादं नीट चालायला लागलं की दुसऱ्या दिवशी ती ते खोलून टाकायची. त्याचेच स्क्रू पुढच्याला लागायचे.

"अगं, चांगलं चालत होतं की!" मी चिडायचे.

"चाललं ना? मग झालं." बोलता बोलता तिची नजर भिंतीवर पुढची जागा शोधत असायची.

तेव्हा तिचा राग यायचा. आता माझंही तसंच होतं. काम जमलं की त्यातून मन उडतं, आणि मग स्वस्थ बसवत नाही. हे तिच्याकडून आलं म्हणून सुखावावं की तिला बोल लावावा, तेच कळत नाही.

"बुजवा," शेवटी म्हणते. भिंत हळूहळू सपाट होत जाते. वरच्या कोपऱ्यात दोन भोकं उरतात. त्यांत स्क्रू पकडायला लाकडी गुट्ट्या ठोकलेल्या आहेत, पण स्क्रू कधी गेलेलाच नाही. वीतभर अंतर. काय बसवणार होती ही इथे?

"दादा, ती राहू द्या. आणि तुमचा स्क्रू ड्रायव्हर जरा द्या."