धाकटीनं चालू केलेलं मशीन

जवळ ये पोरी, समोर बस, मनानं तरी बस. "मोठी आई, मायचा तो जुना कॉम्प्युटरचा डबा देऊन टाक ना भंगारात," असं फोनवर सहज म्हणून गेलीस. असं बोलतात का वो? आधी ऐकून घे.

तुझी माय अन् मी, दोघी जावा, दिग्रसला टायपिंगचं दुकान चालवायचो. कोणी शिकवलं नाही, चुकत चुकत शिकलो. माझ्या मशीनवर लिनक्स, तिच्या मशीनवर बीएसडी, म्हणजे कॉम्प्युटर चालवणाऱ्या दोन निरनिराळ्या प्रणाली. दोन्ही युनिक्सच्याच घराण्यातल्या, तरी आमचं रोज वाजायचं.

"तुमचं लिनक्स म्हणजे पंगत हाय, जाऊबाई. तुकडे निरनिराळ्या लोकायनं केलेले, वरण एकाचं, भात दुसऱ्याचा. माह्या बीएसडीत सारा सैपाक एका घरचा."

"म्हणूनच तुह्या घरात पाव्हण्याले जागा नाही वो! प्रिंटर जोडला तं ओळख दाखवत नाही."

खरंच होतं ते. नवा प्रिंटर लावा, वायफाय लावा, लिनक्स सामावून घेतं. अडलं तर सांगणारेही ढीगभर. पण दर अपडेटला काहीतरी हललेलं असायचं. तिचं मशीन हट्टी, पण मदतीची पानं आतच नीट लिहिलेली, अन् एकदा बसवलं की महिनोन्महिने कुरकुर नाही.

दवाखान्यात जायच्या सकाळीही तिनं ते चालू केलं. "राहू द्या चालू, येतोच मी," म्हणाली. आली नाही.

तेव्हापासून मी ते बंद केलं नाही. 'अपटाइम' टाईप केलं की मशीन किती दिवस सलग चालू आहे ते सांगतं. आज चारशे बारा. तिचं बोट बटनावर पडलं त्याला इतके दिवस झाले, मी तर तसंच वाचते.

इतके दिवस रीस्टार्ट नाही, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्याही नाहीत. म्हणून नेटची वायर काढून ठेवली. फाइली साऱ्या माझ्या लिनक्सवर उतरवल्या. तो आकडा मात्र उतरवता येत नाही, बाई. बंद केलं की शून्यापासून.

आता इन्व्हर्टरची बॅटरी फुगली आहे. आता लाइन गेली तर ती मशीनला पाच मिनिटंही धरणार नाही. एखाद्या दुपारी असंच अचानक जाण्यापेक्षा नीट कमांड देऊन बंद करावं, हे मला कळतं. परवा 'शटडाऊन' टाईप केलं. एंटर दाबवलं नाही.

ते तू दाब. लेकीनं दाबावं. बॅटरीवाला सोमवारी येतो म्हणाला आहे, बदलताना तो सारी लाइनच बंद करणार, त्याच्या आधी ये. एक दिवसाची सुट्टी मागून घे, पण ये.