सुरमाच्या तोंडातला मावा

भिकनला मी चौथीपासून ओळखतो. दर दिवाळीनंतर त्यांचा वाडा, म्हणजे मेंढपाळांचा फिरता तळ, दौलताबादजवळच्या आमच्या शेतात यायचा. चार घरांची मेंढरं, दोन घोडी, सहा-सात कुत्री. खतासाठी मेंढरं तीन रात्री बसायची आणि वाडा पुढं निघायचा. एका जागी चौथी रात्र काढली की पायांना मुंग्या येतात, असं भिकन म्हणायचा. मी मराठी घेऊन बी.ए. झालो. तो मेंढरांमागं राहिला.

त्या वर्षी तो आला तेव्हा त्याच्या कुत्रीच्या ओठांवर काहीतरी उगवलं होतं. दहा महिन्यांची कुत्री. डोळ्यांभोवती काळी रेघ, म्हणून नाव सुरमा. ओठाच्या कडेला, जिभेवर, हिरड्यांवर फुलकोबीच्या बारक्या तुऱ्यांसारखे कोंब.

वाड्याचा कारभारी रामकिसन भिकनचा मामा. त्यानं कुत्रीचा जबडा उघडून पाहिला आणि मावा म्हणाला. मावा हा मेंढरांचा रोग. मागल्या साली कोकरांचे ओठ खपल्यांनी भरले होते. त्यांना आईला पिता येईना. कितीतरी मेली. त्यांना हातानं दूध पाजणाऱ्या बानाबाईच्या, भिकनच्या बायकोच्या, बोटांवरही फोड आले होते. रामकिसनचं भय खोटं नव्हतं. वाडा दोन दिवसांनी सोयगावकडं निघणार होता. त्याआधी कुत्री संपव, असं त्यानं सांगितलं. सोडून दिली तर ती वास काढत मागं येणारच होती.

मी भिकनला आणि सुरमाला मोटारसायकलवर बसवून शहरात जनावरांच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरांनी बघताच सांगितलं, हा मावा नाही. या कुत्र्यांच्या चामखिळी. विषाणूमुळं येतात, बहुतेक तरण्या कुत्र्यांना. मेंढरांना होत नाहीत, माणसांना होत नाहीत. दोन-तीन महिन्यांत आपोआप गळतात. फक्त दुसऱ्या कुत्र्यांपासून दूर ठेवा, त्यांना लागतं. औषध नको.

मी हे सगळं रामकिसनला सांगितलं. एक शब्द गाळला नाही. दुसऱ्या कुत्र्यांना लागतं, हेही सांगितलं.

औषध कुठं आहे, असं त्यानं विचारलं. दिलं नाही म्हटल्यावर तो मान हलवत म्हणाला, "मंग डाक्टरला रोगच कळला नाय. आन् लागतंय, हे तर तूच म्हणतो."

"कुत्र्यांना, मामा. कोकरांना नाही."

"तू शिकलेला हायेस. आसंल खरं. पर कोकरं आमची हायेत."

कुत्रीला मारण्याऐवजी भिकन तिला घेऊन मागं राहिला. मेंढरांना थांबता येत नव्हतं, चारा संपला होता. बानाबाई चार महिन्यांचं लेकरू घेऊन मेंढरांबरोबर गेली. तोंड साफ झाल्यावर यायचं, असं ठरलं.

आमच्या विहिरीवरच्या पंपाच्या खोलीत तो दहा आठवडे राहिला. सुरमा साखळीला. तो तिच्यापासून हलेना. मोकळी सुटली तर वाड्याच्या मागं धावेल आणि मामा मारेल, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मी दर रविवारी जायचो. तो विहिरीभोवती फेऱ्या मारताना दिसायचा. मी गेलो की तो तिचा जबडा उघडायचा आणि बोट लावून मोजायचा. सतरा. एकोणीस. पुन्हा सतरा.

"मोजून कमी होतात का?" मी एकदा म्हणालो.

"तुझी पुस्तकं वाचून झाली का कमी?" तो म्हणाला. त्या दहा आठवड्यांत तो एवढंच हसला.

बानाबाईचा फोन यायचा. सगळं बरं आहे म्हणायची. लेकरू पालथं पडलं, मग बसायला लागलं. ते त्यानं फोनवरच ऐकलं.

दहाव्या आठवड्यात तोंड साफ झालं. मी दोघांना घेऊन सोयगावला गेलो. वाडा एका कपाशीच्या रानात होता. रामकिसनची दोन तरणी कुत्री पुढं धावत आली. त्यांच्या ओठांवर तेच कोंब होते, काळपट आणि सुकत आलेले.

भिकननं बानाबाईकडं बघितलं. "कवापासून?"

"म्हैना झाला."

"रोज फोन करत व्हतीस."

ती लेकराला दुसऱ्या काखेत घेत म्हणाली, "मामा लई भडकले व्हते. त्याचीच कुत्री आधीच रोग देऊन गेली, दिसली तर कुऱ्हाड घालतो म्हणले. तुमाला सांगितलं आसतं तर तुमी हिला घिऊन तसंच आला आसता."

"आन् आता?"

"कोकरांना कायबी झालं नाय. तवा मामा गप झालेत."

दुसऱ्या कुत्र्यांना लागतं, हे वाक्य माझंच होतं.

रामकिसन बाजेवरून उठला नाही. "सोड तिला," एवढंच म्हणाला.

भिकननं साखळी काढली. सुरमा मेंढरांत घुसली. तो तिच्यामागं गेला नाही, लेकराकडंही गेला नाही. रामकिसनच्या कुत्र्यापाशी उकिडवा बसला, त्याचा जबडा उघडला आणि बोट लावून मोजू लागला.

"नऊ," तो मामाला म्हणाला. "बांधू नका. गळतील."