लाइटबंद सर

आमच्या प्रयोगशाळेत एक माणूस असा होता, की तो खोलीत शिरला की आधी भिंतीकडे हात जायचा आणि दिवे बंद व्हायचे. नव्या औषधाच्या चाचणीतल्या सशांच्या डोळ्यांत बाहुली मोठी करण्याचे थेंब घातले, की पुढचे काही तास त्या खोलीत उजेड नको, हा त्यांचा दंडक. एकदा मोठे साहेब पाहुण्यांना घेऊन आले, तर त्यांनाही अंधारातच चाचपडत फिरवलं. तेव्हापासून चाकणच्या त्या औषध कंपनीत आम्ही सगळे त्यांना 'लाइटबंद सर' म्हणू लागलो. तोंडावर म्हटलं तरी रागवायचे नाहीत.

सर मूळचे लातूरकडचे, जनावरांचे डॉक्टर. मी कुरुळीची, त्यांच्या हाताखालची टेक्निशियन. वयाने बरेच मोठे, म्हणून मला 'माय' म्हणायचे. थेंबांची बाटली फ्रिजमधून काढली की आधी मुठीत धरून बसत. गार थेंब पडला की ससा दचकतो. मग त्याला छातीशी घेऊन, खालची पापणी जराशी ओढून एकच थेंब. मी घाई केली की म्हणायचे, "त्याची बाहुली आपण उघडी करून ठेवायलोत माय. त्याला ती मिटता येत न्हाई. आपल्याला गॉगल तरी हाय, त्याला कोण देणार?"

स्वतःच्या बाबतीत मात्र सगळा आनंदीआनंद. रक्तात कित्येक वर्षांची साखर, आणि कुणाच्या वाढदिवसाचा पेढा पहिला ह्यांच्या तोंडात. "डोळे दाखवून या सर," म्हणून मी मागे लागायचे. पण डोळे तपासायचे तर तेच थेंब त्यांच्याही डोळ्यांत पडणार, आणि मग अर्धा दिवस धड काही दिसणार नाही. "मग ह्या सशांना बघायचं कुणी? ही बॅच होऊ दे की," म्हणायचे. बॅच संपायची, दुसरी यायची. बायको वारलेली, मुलगा लातूरला, दिघीच्या खोलीत हे एकटे. घरून ढकलणारंही कुणी नव्हतं. इतका हुशार माणूस इतका हट्टी असतो, याचा मला भयंकर राग यायचा.

एका सकाळी यंत्राला डोळा लावून सशाच्या डोळ्यात पाहताना सर थबकले. आतल्या पडद्यावर काळा डाग दिसत होता. दुसरा ससा घेतला. त्यालाही तसाच. सरांचा चेहरा पांढराफटक पडला. "रक्त उतरायलंय माय. आपल्या औषधानंच केलं हे. बंद करा सगळं." ते डोकं धरून स्टुलावर बसले. मी दोन्ही ससे पुन्हा तपासले. पडदे स्वच्छ होते.

"सर, डाग नाहीये."

"नीट बघ."

"नीटच बघितलं. तुम्ही उजव्या डोळ्याने बघत होतात ना? डाव्याने बघा बरं."

त्यांनी डाव्याने पाहिलं. डाग नव्हता. रक्त त्यांच्याच डोळ्यात उतरलं होतं.

त्याच दुपारी मी त्यांना चिंचवडला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. सिस्टरने थेंब घातले. "चुरचुरतंय की माय," सर डोळे मिटून म्हणाले, "सशांनी हे कधी सांगितलं न्हाई." मला हसू आलं. तपासून झाल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, फार उशीर केलात, दोन्ही पडदे खराब झालेत. मग इंजेक्शनं झाली, ऑपरेशन झालं. उजवा डोळा गेला, पुढे डावाही गेला. मुलगा येऊन त्यांना लातूरला घेऊन गेला. जाताना ते कंपनीत आलेच नाहीत.

दिवाळीत त्यांचा फोन आला. कोण कसं आहे, कुणाचं लग्न झालं, सगळं विचारून झालं. मग म्हणाले,

"माय, एक खरं सांग. त्या दोन सशांचे डोळे चांगले होते ना? का माझं मन राखायला बोललीस तवा?"

"चांगले होते सर. अगदी स्वच्छ."

"मग बरं झालं," सर म्हणाले. अगदी मोकळ्या आवाजात म्हणाले.