ओढ्याच्या अलीकडे

टर्झा मौन्सीला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिची उंची साधारण नऊ फूट होती. खांदे कुठल्याच दारात मावणारे नव्हते, आणि आवाज असा, की तिनं खालच्या शेतातून हाक मारली की वरच्या गडग्यातले दोन-चार दगड आपण होऊन खाली उतरत. पुढच्या काही वर्षांत ती आकसत आकसत पाच फूट दोन इंचांवर आली, त्याला माझा इलाज नाही. त्या दिवशी ती नऊ फुटांचीच होती.

साल एकोणऐंशी, एप्रिल महिना. मी आमच्या खोऱ्यात नवा पोस्टमन होतो. वीस मैलांवरच्या गावातून आलेला, म्हणजे इथल्या हिशेबानं परदेशीच. हाय स्कार्थ हे खोऱ्यातलं शेवटचं घर, सात फाटकं ओलांडून गेल्यावर. सहा मी उघडली आणि लावली. सातवं लावायची ताकद उरली नाही.

"फाटक!"

टोपी उडाली की मला वाटलं तसं, ते आठवत नाही. मागे पळत जाऊन फाटक लावलं. बाई गवतात आडवी पडली होती आणि तिचा हात कोपरापर्यंत एका मेंढीच्या आत होता.

"इकडे ये. हिचं डोकं धर."

"अहो, मी पोस्टमन आहे."

"डोकं धर म्हटलं, लग्न कर नाही म्हटलं."

मी धरलं. मेंढीनं माझ्याकडे एकदा नीट पाहून मत बनवलं, आणि कोकरू बाहेर पडल्याबरोबर मला थैलीसकट ओढत थेट ओढ्याकडे निघाली. काठावर आल्यावर ती थांबली. मी थांबलो नाही. कमरेपर्यंत पाण्यात उभा राहून मी पाहिलं, तर पाद्रीबाबांचं पत्र दुसरी एक मेंढी शांतपणे खात होती.

"कुठं थांबायचं ते तिला कळतं," बाई म्हणाली. "सरकार तुम्हाला एवढंही शिकवत नाही का रे?"

मग तिनं मला चुलीपुढे बसवलं, बापाची विजार दिली आणि आल्याचा केक दिला. त्या केकचा एक तुकडा अजून माझ्या मागच्या दाढेत आहे, असा माझा संशय आहे. तेव्हापासून मी तिच्यासाठी 'पोस्ट' झालो. माझं खरं नाव तिनं अठ्ठावीस वर्षांत विचारलं नाही.

तोच ओढा वर डोंगरातून येतो. वर कुंपण नाही, गडगा नाही, नुसतं रान, नेचा आणि वारा. अलीकडचं रान हाय स्कार्थचं, पलीकडचं दुसऱ्या कोणाचं. मी एकदा भाबडेपणानं विचारलं होतं, "मग मेंढ्या पलीकडे जात नाहीत?"

"तू रोज रात्री शेजाऱ्याच्या घरात जाऊन झोपतोस का?"

"पण मला माझं घर माहीत आहे."

"त्यांनाही आहे. आई कोकराला घेऊन फिरते, ते कोकरू मोठं होऊन आपल्या कोकराला. माझ्या पणजोबांनी काही शिकवलं नाही, मीही नाही. आम्ही नुसते फाटक उघडणारे."

बाईनं लग्न केलं नाही. विचारलं की म्हणायची, "दोनशे चौदा जणींचं बघून वेळ उरला, तर करीन." त्या दोनशे चौदा करड्या हर्डविक जातीच्या मेंढ्या तिला चेहऱ्यानं ठाऊक होत्या. मला सगळ्या एकाच बाईसारख्या दिसत, माझ्या आत्याबाईसारख्या.

दोन हजार एक साली लाळ्या-खुरकुताची साथ आली. तिच्या घराकडे जाणाऱ्या वाटेच्या तोंडाशी औषधात भिजवलेला पेंढा पसरला. मी वर जायचं नाही, तिनं खाली यायचं नाही. टपाल दुधाच्या जुन्या कॅनमध्ये टाकायचं आणि पंधरा पावलांवरून ओरडून गप्पा मारायच्या. तिचा गुडघा तेव्हा गेलेलाच होता.

मार्चच्या अखेरीस मी ओरडलो, "टर्झाबाई, रेडिओवर सांगतायत, शनिवारी बर्फ! मेंढ्या खाली आणा!"

"व्यायला खाली आणायच्या त्याला अजून आठवडा आहे! वरच बऱ्या आहेत!"

"आणि सापडल्या बर्फात, तर या गुडघ्यानं चढणार आहात का? मी सांगतो, आणा!"

खोऱ्यात माझ्या सल्ल्यावर कोणी कधी काही केल्याचं ऐकिवात नाही. मी सल्ले देतो ते तोंडाला व्यायाम म्हणून. त्या एकदाच कोणीतरी ऐकलं. गुरुवारी तिनं सगळ्या मेंढ्या घरालगतच्या शेतात उतरवल्या.

शनिवारी बर्फाचे चारच कण पडले. मी मोजले.

रविवारी लो स्कार्थच्या गुरांमध्ये साथ निघाली. त्या शेताचा आणि बाईच्या शेताचा गडगा एकच. नियम असा होता, की गडग्याला गडगा लागून असलेलं सगळं जनावर मारायचं, रोगी असो वा निरोगी. वर मोकळ्या डोंगरावरच्या मेंढ्यांना त्या वेळी कोणी हात लावला नाही.

मंगळवारी सरकारची माणसं आली. पुढचं मला तिच्या शेजाऱ्याकडून कळलं. एक तरुण गुरांचा डॉक्टर होता, आल्यापासून रडत होता. मेंढ्या कोंडवाड्यात येईनात, पांढऱ्या कपड्यांतली माणसं बघून चारी दिशांना पळत होत्या. बाई घरातून बाहेर आली. म्हणाली, "बाजूला व्हा रे. घाबरून मरायला नकोत." आणि फाटकाशी उभं राहून तिनं रोजची हाक दिली, "कोऽऽप! कोऽऽप!"

सगळ्या आल्या. आठवड्यावर व्यायला आलेल्या, पोटं सावरत, एकामागून एक. तिनं गवताची पेंढी सोडली आणि आत जाऊन दार लावलं.

त्या वर्षी आमच्या खोऱ्यात एप्रिल आला, पिवळी फुलं आली, कोकिळही आला. कोकराचा आवाज तेवढा नव्हता. मी हसवणारा माणूस आहे, पण त्या महिन्यात मी टपाल टाकून नुसता निघून येत असे.

पुढच्या वर्षी तिनं दुसऱ्या खोऱ्यातून चाळीस मेंढ्या आणल्या. जात तीच, पण डोक्यात आमचं रान नव्हतं. पहिल्याच दिवशी त्या ओढा ओलांडून, माथा ओलांडून पलीकडच्या चर्चच्या आवारात पोचल्या आणि एका ताज्या थडग्यावरची सगळी फुलं खाऊन आल्या. पाद्रीबाबांचा फोन आला, तर बाई म्हणाली, "कोणाची होती? बरं, ती म्हातारी मला आवडत नव्हतीच."

मग ती रोज सकाळी वर जाऊ लागली. सत्तर पार केलेली, एक गुडघा निकामी, हातात काठी आणि थर्मास. ओढ्याकाठी एका दगडावर बसायची. मेंढी पाण्याशी आली की उठून तिला मागे वळवायची. पाऊस असो, धुकं असो. रविवारी मीही वर जाऊन ओढ्याच्या दुसऱ्या वळणावर उभा राहत असे.

"किती दिवस हे?"

"या म्हाताऱ्या शिकणार नाहीत. यांची कोकरं कदाचित. नाहीतर त्यांची."

"म्हणजे चार-पाच वर्षं!"

"मग मोठा थर्मास घ्यायला हवा."

"बाई, मेंढीचं काम आहे हो हे."

"हो. पण मेंढी उरली नाही ना, पोस्ट."

ती बोलेल म्हणून मी दोन वर्षं वाट पाहिली. शेवटी मीच म्हणालो, "टर्झाबाई, ते बर्फाचं..."

तिनं थर्मासचं झाकण बराच वेळ घट्ट केलं.

"पोस्टमनचं ऐकून मेंढपाळानं मेंढ्या हलवल्या, तर चूक मेंढपाळाची," ती म्हणाली. "ती बघ, ती कानतुटकी निघाली. जा, वळव."

मी पळत गेलो आणि तिला वळवलं. परत आलो तेव्हा तिनं माझ्यासाठी चहा ओतून ठेवला होता. तो मी प्यायलो. आजवर प्यायलेल्या कुठल्याच चहाचं मला इतकं ओझं वाटलेलं नाही.

अशी चार वर्षं गेली. पाचव्या वर्षीच्या नोव्हेंबरात ती ओढ्याकाठी घसरली आणि खुबा मोडला. इस्पितळात मी गेलो की एकच प्रश्न असे, "पलीकडे किती गेल्या?" मी म्हणायचो, "एकही नाही." मला ठाऊक नव्हतं. त्या हिवाळ्यात वर कोणीच जात नव्हतं, माझीही पाठ धरली होती.

"खोटं बोलायला सरकारनं शिकवलं वाटतं," ती म्हणायची, आणि डोळे मिटायची.

फेब्रुवारीत ती गेली. घर भाड्याचं होतं, जमीनमालकाला ते सुट्टीत येणाऱ्या पाहुण्यांसाठी हवं होतं. प्रेस्टनला राहणारा तिचा पुतण्या आला, त्यानं मेंढ्या बाजारात काढल्या. गोळा करायला मार्चमध्ये आम्ही तिघं आणि दोन कुत्री वर गेलो. दिवसभराचं काम म्हणून डबे बांधून नेले होते.

एकूण एक मेंढी ओढ्याच्या अलीकडे होती. साडेअकराला गाडी भरून गेली.